काढलं, पण गेलं का?

दिवाळीच्या साफसफाईसाठी मराठीत दोन नेमके शब्द आहेत. काढून ठेवणं आणि काढून टाकणं. काढून ठेवलेली वस्तू माळ्यावर जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा खाली येते. काढून टाकलेली कौन्सिलच्या टिपवर जाते, मग तिचा आपला संबंध संपला. माझं एम.ए. मराठीत झालं असल्यामुळे असले फरक मला उगाचच दिसत राहतात. यंदा तो दिसला लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर.

गेल्या अंकात या सदरात पासवर्डांबद्दल लिहिलं होतं, तेव्हा काहीजणींनी 'आता एवढ्यावरच थांब' असं प्रेमाने सुचवलं होतं. पण थांबता येईना, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. अनेकांच्या घरचे लॅपटॉप धडधाकट असूनही विंडोज ११ ला चालेनात. त्यातले आठ आपल्या शनिवारच्या मराठी शाळेला मिळाले आणि त्यांवर उबुंटू बसवलं. उबुंटू ही लिनक्सची एक आवृत्ती, फुकट आणि जुन्या यंत्रांनाही बऱ्यापैकी झेपणारी. दोन लॅपटॉपांची डिस्क मात्र जेमतेम ३२ जीबीची. ती भरायला काय वेळ लागतो! मग मुलं मागे लागली, "मावशी, यातलं काहीतरी काढूया ना."

उबुंटूमध्ये प्रोग्रॅम 'पॅकेज' म्हणून येतात आणि ॲप्ट नावाचा कारभारी त्यांची ने-आण करतो. हा कारभारी मूळचा डेबियनचा. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं आणि मैत्रीण डेब्रा व स्वतः इयन यांची नावं जोडून त्याचं बारसं केलं. उबुंटू २००४ साली त्याच पायावर उभं राहिलं. ॲप्टशी बोलायचं ते टर्मिनलमध्ये आज्ञा लिहून. मी त्या इथे देवनागरीत लिहिते आहे. तुम्ही इंग्रजीत, छोट्या लिपीत लिहा.

'सुडो ॲप्ट रिमूव्ह' आणि पुढे पॅकेजचं नाव. यातलं 'सुडो' म्हणजे घरच्या कर्त्याच्या अधिकाराने. म्हणून ते पासवर्ड मागतं, आणि तो लिहिताना बऱ्याचदा पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, तशी पद्धतच आहे. रिमूव्हने प्रोग्रॅम जातो, पण त्याच्या संगणकभर लागू असलेल्या मांडणीच्या फायली राहतात. भाडेकरू गेला तरी दारावरची पाटी आणि भिंतीतले खिळे राहावेत तसं. उद्या तोच प्रोग्रॅम परत आणला तर त्याला आपली जुनी मांडणी तयार मिळते. म्हणजे हे झालं काढून ठेवणं. 'रिमूव्ह'च्या जागी 'पर्ज' लिहिलं तर पाटी आणि खिळेही जातात. हे काढून टाकणं. तुमची पत्रं, फोटो, मुलांचे निबंध यांना दोन्हींतली कुठलीच आज्ञा हात लावत नाही. तुमच्या घरच्या फोल्डरातल्या खासगी मांडणीच्या फायलीही पर्जनंतर तिथेच असतात. साध्या घरगुती वापरात रिमूव्हवर भागतं, असं माझं मत. तो प्रोग्रॅम विचित्र वागत होता आणि अगदी कोरी सुरुवात हवी असेल, तर पर्ज.

खरी गंमत आणि खरा धोका तिसऱ्या आज्ञेत आहे: 'ऑटोरिमूव्ह'. कुठलंही मोठं पॅकेज एकटं येत नाही. लग्नाला नवरदेवाबरोबर वऱ्हाड यावं तशी बरोबर लहानमोठी पॅकेजं आणतं. ॲप्टच्या वहीत प्रत्येकापुढे नोंद असते, याला मुद्दाम आमंत्रण होतं की हा कुणाबरोबर तरी आला. नवरदेव गेला आणि वऱ्हाडातल्या कुणाची उरलेल्यांपैकी कुणालाच गरज राहिली नाही, की ऑटोरिमूव्ह त्यांना नम्रपणे दार दाखवतं. उबुंटूची जुनी कर्नलं याच वाटेने जातात आणि एकेक जण काहीशे एमबी मोकळे करून देतो. एरवी फार उपयोगी आज्ञा आहे. फक्त आमंत्रणाच्या यादीत नाव नसलेला प्रत्येकजण परका नसतो, हे ॲप्टला कळत नाही.

सप्टेंबरात आमच्या वर्गातल्या एका इयर एटमधल्या मुलाला गेमसाठी जागा हवी होती. त्याने 'फॉन्ट्स-इंडिक' हे पॅकेज शोधून काढून टाकलं. त्याचा हिशेब सरळ होता, "बेंगाली, तेलुगू, तमिळ, कितीतरी भाषा आहेत, मावशी. आपण थोडंच वापरतो?" त्याने जागा मोकळी झाली जेमतेम काही केबी, कारण ते पॅकेज म्हणजे नुसता नवरदेव. फॉन्ट असतात वऱ्हाडात. म्हणून त्याने पुढे ऑटोरिमूव्ह लिहिलं आणि एंटरवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी यादी वाचायला घेतली. मास्तरकीची सवय, हजेरी पूर्ण झाल्याशिवाय वर्ग सुरू होत नाही. त्यात फॉन्ट्स-देवा होतं, लोहित देवनागरी होतं, नकुल आणि सहदेवही होते. ही खरोखर देवनागरी फॉन्टांची नावं आहेत.

त्याच लॅपटॉपवर उन्हाळाभर मुलांनी आपापल्या आजी-आजोबांच्या आठवणी फोनवर विचारून मराठीत टाइप केल्या होत्या. दिवाळीच्या कार्यक्रमात त्या मोठ्या पडद्यावर दाखवायच्या होत्या. दुसरा कुठला देवनागरी फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसले असते. मजकूर फाइलमध्ये सुखरूप असतो, पण हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसलेल्या आजोबांना ते कसं पटवणार?

"थांब. एन दाब," मी म्हटलं. यातही एक बारकावा आहे. ॲप्ट शेवटी 'पुढे जाऊ का?' विचारतं, तेव्हा कंसातला वाय मोठ्या लिपीत असतो आणि एन छोट्या. मोठं अक्षर म्हणजे गृहीत धरलेलं उत्तर. नुसतं एंटर दाबलंत तरी तुम्ही 'हो' म्हटलेलं असतं. मग त्याला 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-देवा' लिहायला लावलं. पॅकेज आधीच हजर होतं, तेव्हा नव्याने काही उतरलं नाही. फक्त वहीत त्याच्यापुढे 'मुद्दाम बोलावलेला' अशी नोंद झाली. पुन्हा ऑटोरिमूव्ह केलं तेव्हा देवनागरी यादीतून बाहेर आणि बाकीचे फॉन्ट आत. त्यांनी मोकळे झाले काही एमबी. गेमची जागा शेवटी जुन्या कर्नलांनीच दिली.

यादी न वाचण्याचं जगजाहीर उदाहरण २०२१ सालचं आहे. लायनस सेबॅस्टियन हा कॅनडातला संगणकावरचे व्हिडिओ करणारा प्रसिद्ध माणूस पॉप ओएसवर स्टीम बसवत होता. म्हणजे काढत नव्हता, घालत होता. पॅकेजांत गडबड असल्यामुळे ॲप्टने इशारा दिला की अत्यावश्यक पॅकेजं जातील, खरंच हवं असेल तर 'येस, डू ॲज आय से!' हे अख्खं वाक्य लिहा. त्याने लिहिलं आणि लाखो प्रेक्षकांसमोर त्याचा डेस्कटॉप नाहीसा झाला. यंत्र जेव्हा तुमच्याकडून वाक्य लिहून घेतं, तेव्हा शाळेत फळ्यावर शंभरदा लिहायला लावायचे ते आठवावं आणि हात मागे घ्यावा.

घाबरत असाल तर आधी तालीम करून बघा. आज्ञेत डॅश आणि एस घातलं की ॲप्ट काय काय जाईल ते सांगतं आणि प्रत्यक्षात काही करत नाही. एखादा प्रोग्रॅम रिमूव्ह करूनही जाईना, तर तो 'स्नॅप' नावाच्या दुसऱ्या दाराने आला असेल. उबुंटूतलं फायरफॉक्स तसंच येतं. त्याला 'सुडो स्नॅप रिमूव्ह' म्हणावं लागतं. आणि काही चुकीचं गेलंच, तर 'व्हार' फोल्डरात 'लॉग', त्यात 'ॲप्ट' आणि त्यात 'हिस्टरी डॉट लॉग' ही फाइल उघडा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती आज्ञा दिली आणि कोण कोण गेलं, सगळं तारीखवार लिहिलेलं सापडतं. तिथली नावं बघून एकेकाला परत बोलावता येतं.

मुलांना या सगळ्यापेक्षा एक भलतीच आज्ञा आवडली आहे. 'ॲप्ट मू' लिहिलं की पडद्यावर रेघा-ठिपक्यांची एक गाय उभी राहते आणि 'आज हंबरलात का?' असं विचारते. वसुबारसेला घरच्या लिनक्सवर करून बघा. त्याला पासवर्डही लागत नाही.