मिरचीला गोड आवडतं का?

मुलांनो, या आठवड्यात आपल्या परसबागेत एका पत्राला उत्तर द्यायचं आहे. पत्र आलंय कपिलधारहून, सहावीतल्या एका मैत्रिणीचं.

कपिलधार तुम्हांला ठाऊक असेल. बीडपासून वीसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याच्या जवळ, बालाघाटच्या डोंगरात हे ठिकाण आहे. पावसाळ्यात तिथे कड्यावरून धबधबा कोसळतो. संत मन्मथस्वामींची समाधी तिथेच आहे. कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते.

आता पत्र वाचा. ती लिहिते, “ताई, माझे आई-बाबा दिवाळी झाल्यावर कारखान्याला गेले. मी आजीपाशी राहते. मी पत्र्याच्या डब्यात मिरचीची सहा रोपं लावलीत. पाडव्याला आई-बाबा परत येतील, तेव्हा त्यांना माझ्या मिरच्यांचा ठेचा खाऊ घालायचाय. उसाची मळी घातली की झाडं जोरात वाढतात, असं मी ऐकलं होतं. मळी कुठून आणू? म्हणून बाबांनी आणलेली काकवी रोज दोन पळ्या घातली. आता डब्याला मुंग्या लागल्यात, मातीला आंबूस वास येतोय आणि दोन रोपांनी मान टाकली. माझं काय चुकलं?”

शहरातल्या मुलांना ‘कारखान्याला जाणं’ म्हणजे काय ते सांगायला हवं. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातात, तर कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात ‘एक कोयता’. दोघांनी मिळून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि रात्री उसाच्या फडाजवळच्या कोपीत झोपायचं. पाच-सहा महिने असेच जातात. मुलं कधी बरोबर जातात, कधी आजी-आजोबांपाशी राहतात. आपण चहात घालतो त्या साखरेमागे एवढं सगळं असतं, बरं का!

तर या तोडलेल्या उसाचं पुढे काय होतं? रस काढायचा, गाळायचा, आटवायचा. मग त्यात साखरेचे कण धरतात. गरगर फिरणाऱ्या यंत्रात ते कण वेगळे करतात. उरलेला पाक पुन्हा आटवतात, पुन्हा साखर काढतात. शेवटी साखर काढणं परवडत नाही असा काळा, चिकट, दाट पाक उरतो. तीच मळी. एक टन उसापासून साधारण १०० ते ११० किलो साखर आणि ४० ते ४५ किलो मळी मिळते. (रस गाळल्यावर जो गाळ उरतो, त्यालाही शेतकरी मळीच म्हणतात. तो शेतात खत म्हणून टाकतात. पण ती मळी वेगळी!)

या काळ्या मळीत जवळजवळ निम्मी साखरच असते. शिवाय उसाने जमिनीतून घेतलेलं पालाश, म्हणजे पोटॅशियम, साखरेच्या पांढऱ्या कणांत न जाता मळीतच साठतं. म्हणून तर मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे पाणी उरतं, ते आटवून आणि जाळून त्याच्या राखेपासून पालाशाचं खत करतात. त्यात निदान १४.५ टक्के पालाश असावं लागतं. आपल्या देशाला लागणारं पालाश बहुतेक सगळं परदेशांतून येतं, तेव्हा ही राख मोलाचीच म्हणायची.

पण मळी बाजारात सहज मिळत नाही. तिच्यापासून मद्यार्क होतो, म्हणून ती साठवायला आणि हलवायला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. मग आपण काय वापरायचं? काकवी किंवा गूळ! गुऱ्हाळात काहिलीत रस आटवताना गूळ होण्याच्या आधीचा जो पाक असतो, ती काकवी. तिच्यात साखर भरपूर असते. त्यामुळे आपल्या मैत्रिणीची निवड चुकलेली नाही. मग चुकलं काय?

मिरचीचं रोप साखर खात नाही, ते स्वतःच साखर तयार करतं! पानं, ऊन, हवा आणि पाणी एवढ्यावर त्याचा स्वयंपाक चालतो. मुळांतून त्याला हवं असतं पाणी आणि त्यात विरघळलेली नत्र, स्फुरद, पालाश यांसारखी द्रव्यं. गोड आवडतं ते मातीतल्या जिवाणूंना. हे जिवाणू इतके लहान असतात, की चिमूटभर चांगल्या मातीत ते कोट्यवधी असतात. वाळलेली पानं आणि शेण कुजवून त्यातली द्रव्यं मोकळी करणं हे त्यांचं काम. गूळ-काकवी ही त्यांची न्याहारी. न्याहारी झाली की ते भराभर वाढतात आणि कामाला लागतात. पण मातीत शेणखत किंवा पालापाचोळा नसेल, तर ते कुजवणार काय?

आता रोज दोन पळ्या काकवीने काय झालं ते पाहू. कैरीच्या फोडींत गूळ घातला की थोड्या वेळात पाणी सुटतं ना? दाट गोड पाणी मुळांतलंही पाणी तसंच ओढून घेतं. माती ओली आणि रोप मात्र तहानलेलं! दुसरं, एवढं गोड मिळाल्यावर जिवाणूंची संख्या भरमसाट वाढली आणि मातीतल्या पोकळ्यांमधली हवा त्यांनी संपवली. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, त्यांची घुसमट झाली. आंबूस वास त्याचाच. तिसरं, जिवाणूंना वाढायला नत्र लागतं. ते त्यांनी मातीतूनच उचललं आणि रोपांच्या वाट्याला कमी आलं. काकवी वाईट नव्हती गं, माप चुकलं!

आता उपाय. उरलेली चार रोपं मुळांना धक्का न लावता, मातीच्या गोळ्यासकट उचल. डब्याच्या बुडाला भोकं आहेत ना, ते पाहा. नसतील तर आजीला किंवा मोठ्या कुणाला पाडून द्यायला सांग. पत्र्याने हात कापतो, तू स्वतः करू नकोस. मग दोन भाग माती आणि एक भाग जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून त्यात रोपं लाव. दोन-तीन दिवस डबा सावलीत ठेव आणि बेताचं पाणी घाल. आंबलेली माती फेकू नकोस. उन्हात पसरून ठेव, पुढे उपयोगी पडेल. नवी पानं फुटली, की मग गोड पाणी. पाच लिटर पाण्यात फक्त एक मोठा चमचा काकवी किंवा सुपारीएवढा गूळ. तेही पंधरा दिवसांतून एकदाच, आणि माती आधीच ओलसर असताना. पाणी पानांवर नको, बुंध्याशी घाल.

ज्यांच्या घरी गाय किंवा बैल आहे, त्यांना ‘जीवामृत’ करता येईल. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ही पद्धत गावोगावी पोचवली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं माप एक एकरासाठी २०० लिटर पाण्याचं आहे. आपण दहा लिटरच्या बादलीपुरतं करू. अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. बादलीवर गोणपाट टाकून ती दोन दिवस सावलीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. घट्ट झाकण लावू नका, आत वायू तयार होतो. वापरताना एक तांब्या जीवामृतात दहा तांबे पाणी मिसळा आणि नंतर हात साबणाने धुवा.

पण मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नका हं, करून पाहा! तीन सारखे डबे घ्या. तिन्हींत मेथी पेरा. पहिल्याला नुसतं पाणी, दुसऱ्याला गुळाचं पाणी आणि तिसऱ्यात शेणखत मिसळून गुळाचं पाणी. दर रविवारी उंची मोजून वहीत लिहा. महिन्याभरात मेथी काढायला येते, तेव्हा उत्तर तुमच्या हातात असेल.

एक गोष्ट मात्र विसरू नका. काकवीची किंवा जीवामृताची बादली ओढ्यात, कुंडात, विहिरीजवळ धुऊ नका. सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या होनोलुलू बंदरात जहाजावर मळी चढवताना नळ गळला आणि सुमारे १,४०० टन मळी समुद्रात गेली. मळी विषारी नसते, पण तिच्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपला आणि २६ हजारांहून जास्त मासे आणि इतर जलचर मेले. डब्यात मुळांचं जे झालं, तेच तिथे माशांचं झालं. आपली बादली लहान आहे खरी, पण कपिलधारचा ओढाही उन्हाळ्याकडे लहानच होतो. बादली धुतलेलं पाणी झाडाच्या आळ्यात घाला, म्हणजे झालं.

आणि हो, मैत्रिणी, तुझ्या मिरच्यांचं काय? रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत हिरव्या मिरच्या तोडायला येतात. आई-बाबा यायला अजून वेळ आहे. चार रोपांतली तीन जरी धरली, तरी तिघांच्या ठेच्यापुरत्या मिरच्या नक्की निघतील. आजीला धरून चौघं झालात, तर शेंगदाणे थोडे जास्त घाल! पाडव्यानंतर पत्र पाठव. ठेचा किती तिखट झाला होता, ते आम्हां सगळ्यांना वाचायचं आहे.