घर घ्या, पण नक्शा पाहून



आपल्या लोधीखेडा-सौंसर भागात मुले नागपूर-पुण्याला स्थिरावली, म्हातारी माणसे एकटी पडली, की वाडवडिलांचे घर विक्रीला निघते. घेणाराही बहुधा आपल्यातलाच असतो. तो खोल्या मोजतो, बोरचे पाणी पाहतो, रजिस्ट्री कोणाच्या नावे आहे ते विचारतो. मंजूर नक्शा मात्र कोणी मागत नाही.

मी बँकेत कारकून आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी नात्यातलेच घर ठरवले, बयाणाही दिला. कर्जाची फाईल आली तेव्हा कळले की नक्शात समोर नुसता ओटा होता. प्रत्यक्षात ओट्यावर खोली, वर गॅलरी आणि पायऱ्या नाली ओलांडून रस्त्यावर! कर्ज अडले, बयाणा अडकला. आज ती दोन घरे एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत.

रजिस्ट्रीने मालकी मिळते, बांधकाम कायदेशीर होत नाही. संपत्तीकराची पावती म्हणजेही मंजुरी नव्हे. मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम १९६१ प्रमाणे नवे बांधकामच नव्हे, तर घराच्या बाहेरच्या बाजूचा फेरबदल करायलाही परवानगी लागते. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला संकुलातले मंजुरीबाहेरचे मजले सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बेकायदा ठरवले, २०१४ साली तिथले वीज-पाणी तोडले गेले. चूक बिल्डरची, भोगले घेणाऱ्यांनी.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात त्याच न्यायालयाने घर पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. बुलडोझरचा धाक पाहिलेल्या आपल्या राज्याला हा मोठा दिलासा आहे. पण रस्ता, फुटपाथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला ते संरक्षण नाही. म्हणजे नालीवरचा ओटा उघडाच!

म्हणून बयाणा देण्यापूर्वी विकणाऱ्यालाच नगर परिषदेतून मंजूर नक्शाची प्रमाणित प्रत काढायला सांगा. मग टेप घेऊन समोरची, बाजूची, मागची जागा मोजा. सज्जा, जिना, टिनाचे शेड, वरची खोली नक्शाशी ताडून पाहा. फरक निघाला तर तो नियमात बसवून घेता येतो का आणि खर्च कोणाचा, हे इसारपत्रात लिहून घ्या. नात्यात लिखापढी कसली, असे म्हणू नका. नाते टिकवायचे असेल तर लिहाच.

नगर परिषदेचीही जबाबदारी आहे. जुन्या वस्तीतली कित्येक घरे नक्शाची पद्धत येण्याआधीची आहेत. त्यांना एकाच मापाने बेकायदा म्हणणे अन्याय होईल. अशा घरांची एकदा मोजणी करून नोंद करावी आणि मंजूर नक्शांची वॉर्डवार यादी सर्वांना पाहायला खुली ठेवावी. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. आता कागदही जवळ यावेत. निवडणुकीत 'ओटे नियमित करून देऊ' म्हणणाऱ्या उमेदवाराला मंडळाने एवढेच विचारावे: यादी कधी लावता?