गोळ्या डॉक्टरांच्या, सांभाळ घरच्यांचा. पण घरच्यांना शिकवणार कोण?

दिंडोरी : स्किझोफ्रेनियासारखा तीव्र मानसिक आजार असलेला माणूस डॉक्टरांसमोर बसतो महिन्यातून काही मिनिटं. बाकी महिनाभर तो घरात असतो. गोळी घेतली का, रात्री झोपला का, पुन्हा एकटाच बोलायला लागला का, हे आई, बायको नाहीतर भाऊ बघतो. दवाखान्यात मात्र घरच्यांचं काम केसपेपर काढणं आणि सही करणं एवढंच.

ननाशीकडच्या मजुराला पेशंट घेऊन नाशिक गाठायचं तर सोबतच्या माणसाचाही रोज बुडतो, वर गाडीभाडं. द्राक्षाच्या हंगामात हा खाडा परवडत नाही. त्यातच माणूस जरा बरा दिसला की ‘आता कशाला गोळ्या?’ म्हणून त्या बंद होतात आणि आजार उलटतो. मग भगत, मग कोंडून ठेवणं. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण गोळ्या किती दिवस चालू ठेवायच्या, आजार उलटण्याची पहिली लक्षणं कोणती, सतत टाकून बोलल्याने त्रास कसा वाढतो, हे त्या घरात बसून कुणी सांगितलेलंच नसतं.

कायदा आहे, आधार नाही

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. कुटुंबाला आधार देणाऱ्या आणि घरी पुनर्वसन करणाऱ्या सेवा सरकारने पुरवाव्यात, असं त्यात लिहिलंय. रुग्णाला साखळीने बांधायला बंदीही आहे. पण बंदी घातली म्हणून, माणूस रात्री उठून घराबाहेर पळाला तर काय करायचं, याचं उत्तर घरच्यांना मिळत नाही.

साताऱ्यातला प्रयोग

सातारा, गोवा आणि तामिळनाडूत यावर प्रयोग झाला. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना प्रशिक्षण दिलं. ती स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरी जायची, रुग्ण आणि घरचे दोघांशी बोलायची; गरज पडली की मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी. २८२ रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा वर्षभरात लक्षणं आणि अपंगत्व थोडं जास्त कमी झालं. चमत्कार नाही, पण फरक पडला. ग्रामीण तामिळनाडूत तो अधिक दिसला.

तालुक्यात काय हवं?

ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांचा महिन्यातला ठरलेला दिवस आणि गोळ्या तिथेच. घरभेटीसाठी प्रशिक्षित माणूस; हे काम आशाताईंवर टाकायचं असेल तर त्याचा वेगळा मोबदला. अपंगत्व प्रमाणपत्र आणि संजय गांधी निराधार योजनेच्या कागदपत्रांना मदत. ‘टेली मानस’चा मोफत क्रमांक १४४१६ प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर.

एक सावधगिरी हवीच. घरच्यांना सामील करणं म्हणजे रुग्णाला गप्प बसवणं नव्हे. आपला प्रतिनिधी कोण, हे कायद्याने रुग्ण स्वतः ठरवू शकतो. आणि ‘तुमचा माणूस, तुम्हीच सांभाळा’ म्हणून सरकारने हात झटकणं, याला कुटुंबाचा सहभाग म्हणता येणार नाही.