राखण वाघाची, खर्च कोणाचा?

हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याने सोयाबीन पेरावे आणि पीक हाती येईपर्यंत रात्री मचाणावर डबा बडवीत काढाव्यात, यात आता नवल राहिलेले नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक आडवे करतो. उरलेले रोही खुडतात. शासनाने २०१५ साली या दोन प्राण्यांना परवानगी घेऊन मारण्याची मुभा दिली, तरी गाऱ्हाणे मिटलेले नाही. म्हणून, निसर्गाने यांच्यावर नेमलेला भक्षकच पुन्हा येऊ द्यावा, अशी सूचना पुढे येते.

ही सूचना आम्हांस त्याज्य वाटत नाही. परंतु तिची किंमत आधी मोजली पाहिजे. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची वाट हिंगोली जिल्ह्यातून गेली होती. या प्रवासात त्याने रानडुकरे मारली, तशीच गुरेही मारली. ज्या रानडुकराने पीक नासले ते गेले, याचा आनंद ज्याची गाय गेली त्याने कसा मानावा?

शिवाय हिशेबही ध्यानात घ्यावा. एक वाघ वर्षाला सुमारे पन्नास मोठी जनावरे मारतो. रानडुकरीण एकाच वेतात चार-सहा पिले देते. वाघाच्या धाकाने कळप बिचकतील, विखुरतील. पण शेतातच पोसलेली त्यांची संख्या तो एकटा आटोक्यात आणील, ही आशा भाबडी होय. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात १९९५ साली लांडगे पुन्हा सोडण्यात आले, हे खरे. परंतु तेथे सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर राखीव रान होते. हिंगोलीत शिवाराला शिवार भिडलेले आहे.

तेव्हा बाहेरून वाघ आणून सोडण्याची भाषा नको. मराठवाड्याच्या माळरानांवर लांडगा आणि कोल्हा अजून तग धरून आहेत. हरिणांची व रानडुकरांची पिले, ससे, उंदीर हेच त्यांचे भक्ष्य. ही माळराने पडीक म्हणून नांगरली जाऊ नयेत, एवढे तरी आपल्या हाती आहे. मात्र लांडग्याने मेंढी नेली की धनगराला भरपाईसाठी महिनोन् महिने खेटे घालावे लागले, तर तो मेलेल्या मेंढीत विष कालवील. आणि मग कायद्याचे संरक्षण कागदावरच राहील.

भक्षकाने राखण करावी, अशी इच्छा शहरातील आपण सर्व जण करतो. त्या राखणदाराचा पगार मात्र एकट्या धनगराच्या वाड्यातून वसूल होता कामा नये.