मीठ चवीपुरतं

ऑफिसमध्ये तीन प्रकारचे श्रद्धाळू असतात. पहिला, रोज सकाळी ‘दहा जणांना फॉरवर्ड करा’वाला. दुसरा, चहाच्या ब्रेकमध्ये प्रवचन देणारा. आणि तिसरा? तो कुठल्या देवाला मानतो हे तुम्हाला दोन वर्षांनी कळतं, तेही डबा उघडण्याआधी त्याचे डोळे क्षणभर मिटलेले दिसले म्हणून. पण अप्रेझलच्या धामधुमीतही तो दुसऱ्याच्या कामाचं श्रेय लाटत नाही, हे मात्र पहिल्याच महिन्यात लक्षात आलेलं असतं!

ख्रिस्ती मंडळींचा यासाठी एक शब्द आहे – साक्ष. ती तोंडानेही देतात, पण कस लागतो तो वागण्यात. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात शिष्यांना मिठाची उपमा दिली होती. मीठ पदार्थात दिसत नाही, चवीत कळतं.

जालना म्हटलं की आपल्याला आठवतं स्टील, बियाणं आणि ‘जालना सोने का पालना’. पण याच जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं गेलं, तेही ब्राह्मण घरात जन्मलेल्या एका माणसाच्या पुढाकाराने, हे किती जणांना ठाऊक असतं?

नारायण शेषाद्री मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडे शिकले आणि १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. प्रकरण कोर्टात पोचलं आणि लहान म्हणून श्रीपतला वडिलांच्या हवाली करण्यात आलं. खरं रामायण पुढेच. पोरगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता ना! त्याला जातीत परत घ्यायचं की नाही, यावरून मुंबईत रान पेटलं. प्रायश्चित्त देऊन परत घ्या, असं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. म्हणजे बघा, तू काय मानतोस यापेक्षा कुणाच्या पंगतीला बसलास, हा प्रश्न मोठा ठरला.

नारायणराव मागे फिरले नाहीत. १८६० च्या दशकात ते निजामाच्या राज्यातल्या जालन्यात कामाला लागले. त्यांच्याभोवती जमले ते मुख्यतः महार आणि मांग समाजातले लोक. दिवसभर उपदेश करून संध्याकाळी आपल्या घरी जाणं सोपं होतं. पण त्यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि या लोकांसाठी गावच उभं केलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. जोतीराव फुल्यांनी पुण्यात घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो १८६८ मध्ये. साधारण हाच काळ. ज्यांची सावलीही टाळायची, त्यांच्यात रोजचं उठणं-बसणं ठेवणं, याहून मोठं प्रवचन कुठलं?

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न. शाळा आणि जमीन देणारा हात धर्माचाही असेल, तर घेणारा खरंच मोकळ्या मनाने ‘हो’ म्हणतो का? प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. माझ्या मते याची कसोटी एकच – ‘नाही’ म्हणणाऱ्याशी तुम्ही कसे वागता?

ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हादरून गेल्या. पुढे त्या नवऱ्याजवळ परतल्या, तरी सुरुवातीला आपलं सोवळं सांभाळूनच. जातिभेद माणसांनीच केला, हे त्यांना पटलं ते स्वतःच्या विचाराने. त्यांनी बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये, पाच वर्षांनी. आपल्या पसंतीची वेब सीरिज मित्राने वीकएंडला पाहिली नाही तर रुसणारे आपण. आपल्याला ही पाच वर्षं झेपतील?

तुम्ही ख्रिस्ती असा, वारकरी असा, नाहीतर कशालाच न मानणारे. शेजारच्या डेस्कवरच्या माणसाला तुमचा धर्मग्रंथ वाचायला वेळ नाही. तो तुम्हालाच वाचतोय. ऑफिस बॉयशी तुम्ही कसं बोलता, चूक कुणावर ढकलता, नावडत्या सहकाऱ्याच्या आजारपणात त्याची शिफ्ट घेता की नाही, सगळं.

तेव्हा श्रद्धा जरूर वाढा, फक्त मीठ चवीपुरतं. कमी पडलं तर मागून घेता येतं. जास्त झालं, तर डबा तसाच परत येतो!