यकृताच्या कर्करोगाची तपासणी: हिशेब कशाचा?

कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रात पाळीवर जाणाऱ्या एखाद्या कामगाराचे काल्पनिक उदाहरण घ्यावे. पोट दुखू लागल्यावर 52व्या वर्षी त्याच्या यकृताचा कर्करोग उघडकीस येतो आणि 53व्या वर्षी तो दगावतो. तोच रोग सोनोग्राफीत 48व्या वर्षीच आढळला, पण मृत्यू ठरल्या वेळीच आला, तर रुग्णालयाच्या नोंदवहीत निदानानंतरचे आयुष्य एका वर्षावरून पाच वर्षांवर जाते. कुटुंबाच्या पदरी मात्र एकही दिवस अधिक पडत नाही. पडतात त्या चार वर्षांच्या काळजीने भरलेल्या नागपूरच्या खेपा. त्यातच सावकाश वाढणाऱ्या गाठी तपासणीत अधिक सापडतात, हा आणखी एक चकवा.

तेव्हा निदानानंतर रुग्ण किती जगला यापेक्षा, तपासलेल्या आणि न तपासलेल्या गटांत मृत्यू किती झाले, हे मोजणे अगत्याचे ठरते. चीनमध्ये तसे दोनदा मोजले गेले. हेपटायटिस-बीची बाधा असलेल्यांची सहामाही सोनोग्राफी व रक्तचाचणी करणाऱ्या शांघायच्या प्रयोगात (2004) यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू 37 टक्क्यांनी घटले. अर्थात त्याच्या पद्धतीवर पुढे आक्षेप आलेच. केवळ रक्तचाचणीवर विसंबलेल्या चिदोंगच्या प्रयोगात (2003) निदान लवकर झाले, मृत्यू मात्र तितकेच राहिले.

हा धडा महाराष्ट्राने स्वतःही गिरवला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचे धाराशिव) सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन निरनिराळ्या चाचण्या अजमावल्या गेल्या. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले ते एकट्या विषाणू-चाचणीने. उरलेल्या दोहोंनी मृत्यूंत लक्षणीय घट केल्याचे दिसले नाही.

सिरॉसिस वा जुनाट हेपटायटिस-बी असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने सहामाही सोनोग्राफी चालू ठेवणे योग्यच आहे. परंतु गावोगाव सरसकट शिबिरे भरवून, गाठ सापडल्यावर शस्त्रक्रियेची सोय न करणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय होय. त्याच पैशाला दुसरी वाट आहे. तैवानने 1984 पासून नवजात अर्भकांना हेपटायटिस-बीची लस दिली आणि तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग घटला. भारतात ही लस 2011 पासून देशभरच्या लसीकरणात आहे, विषाणुजन्य काविळीवरील मोफत औषधांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2018 पासून. कोराडीसारख्या औद्योगिक वसाहतीत बाधितांना हुडकून त्या औषधांपर्यंत नेणे हे सोनोग्राफी-यंत्राच्या उद्घाटनाइतके छायाचित्रास साजेसे काम नव्हे, एवढीच काय ती अडचण.