एका भट्टीला आरती, दुसरीला हातकडी

वाचकहो, दारूची भट्टी नुसती पाहण्यासाठीं आधीं पैसे भरून जागा राखावी लागते, ही गोष्ट आमच्या खेड्यांतील एखाद्या म्हाताऱ्यास सांगितली तर तो सांगणाऱ्याचेंच तोंड हुंगून पाहील! आमच्याकडे भट्टीला भेट द्यायला येतो तो फौजदार. तो मडकीं फोडतो, रसायन ओततो आणि म्हातारीच्या पोराला गाडींत घालून नेतो. परंतु काळ बदलला आहे. आतां भट्टीला पाहुणे येतात, त्यांच्या गळ्यांत फुलांची माळ पडते आणि एक सुशिक्षित तरुण गोड आवाजांत त्यांस भट्टीचें पुराण सांगतो. हें पुराण आम्हीं समक्ष ऐकलें. तें ऐकून जें मनांत आलें, तें लिहिल्यावांचून राहवत नाहीं.

एका आप्ताच्या लग्नानिमित्त एप्रिल महिन्यांत आमचें गोव्यास जाणें झालें. बरोबर भाचा होता. तो मुंबईस नोकरीला आहे. तो म्हणाला, "मामा, आलोंच आहों तर एक फेणीची भट्टी पाहूं." सत्तरी तालुक्यांत डोंगराच्या कडेला एक लहानशी भट्टी आहे, तेथें गेलों. तिचें नांव येथें देत नाहीं. आमचें भांडण त्या मालकाशीं नाहीं. त्यानें आदरानें वागविलें, थंड पाणी दिलें, कोठें फसवणूक केली नाहीं. आमचें भांडण आहे तें ज्या तराजूंत हा देश माणसें तोलतो, त्या तराजूशीं.

प्रथम भट्टीचें काम सांगतों, कारण तें खरोखर पाहण्यासारखें आहे. काजूचें बोंडू झाडावरून तोडीत नाहींत. पिकून आपोआप खालीं पडलें म्हणजे वेंचतात. बी पिळून वेगळी करतात. बोंडू कातळांत खोदलेल्या कुंडांत टाकून पायांनीं तुडवितात. निघालेला रस मडक्यांत भरून कांहीं दिवस आंबूं देतात. त्यांत बाहेरून कांहींएक घालावें लागत नाहीं. मग तो तांब्याच्या भांड्यांत चढवून खालीं लाकडाचा जाळ करावयाचा आणि वाफ थंड करून धरावयाची. पहिली धार ती उर्राक. तिच्यांत मद्यार्क शेंकडा १५ च्या आसपास. ती पुनः रसाबरोबर गाळली म्हणजे फेणी; तिचा जोर शेंकडा ४२ च्या वर. फेणी हें नांव फेसावरून पडलें असें सांगतात. भट्टीवर जो मनुष्य बसला होता, त्यानें बाटली हलवून फेसाचे बुडबुडे किती टिकतात तें पाहिलें आणि जोर सांगितला. मग कांचेचें मापक यंत्र बुडवून पाहिलें, तों त्याचें बोलणें बरोबर! ही विद्या कोणत्या पाठशाळेंत शिकवितात? ती त्याच्या बापानें त्याला जाळापुढें बसवून शिकविली.

आतां पुराणाकडे येऊं. आम्हांस ओळीनें बांकांवर बसविलें. पुढें चार चार लहान पेले, मीठ, मिरची आणि भाजलेले काजूगर. तो तरुण म्हणाला, पेला हळू फिरवा, नाकाशीं धरा, डोळे मिटा. आतां कच्च्या कैरीचा वास येईल, मागून पेरूचा येईल. मुंबई-बंगळूरच्या मंडळीनें डोळे मिटले. दोघीं बायांनीं कुंडांत पाय घालून बोंडें तुडविल्यासारखें केलें आणि छायाचित्र काढून घेऊन लगेच पाय धुतले. तरुणानें पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझिलांतून काजू आणल्याची कथा सांगितली. २००९ सालीं काजूच्या फेणीस भौगोलिक चिन्ह मिळालें, २०१६ सालीं गोवें सरकारनें तिला वारसा-पेय ठरविलें आणि २०२१ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र धोरण केलें, हेंही सांगितलें. मालकाच्या आजोबांचें नांव तीन वेळां आलें. बुडबुड्यांवरून जोर सांगणाऱ्याचें एकदांही आलें नाहीं. आम्हीं मुद्दाम विचारलें, "यांचें नांव काय?" तरुण जरासा गोंधळला आणि म्हणाला, "हे आमचे लोकल आर्टिझन्स."

ऐकलेंत? मालकाच्या आजोबाला नांव आहे, ब्राझिलला नांव आहे, पेल्याच्या आकाराला नांव आहे. जाळापुढें ज्याचे डोळे लाल झाले, त्याला नांव नाहीं, तो 'लोकल'!

बाहेर सावलींत एक म्हातारी बोंडांतून बिया पिळून काढीत होती. आम्ही जवळ बसलों आणि विचारलें, "बाय, आंत जी बाटली विकतात, तिची चव कशी असते?" ती हसली आणि म्हणाली, "आमी तें केन्ना चाखूंक ना, पुता." तिची मजुरी विचारली, भाच्यानें बाटलीची किंमत सांगितली. तिनें आणखी एक बोंडू उचललें. त्या भाषणांत आम्हांस जें कळलें, तें आंतल्या चार पेल्यांत कळलें नव्हतें.

कोणी म्हणेल, मजूर मजुरी घेतो, मालक नफा घेतो, हें सर्वत्रच आहे. यांत फेणीचा काय अपराध? अपराध असा कीं, येथें जी वस्तु विकली जाते ती नुसती दारू नव्हे. पाहुणा पैसे देतो तो 'हातच्या विद्येला', 'पिढीजात वारशाला'. मग ती विद्या ज्याच्या हातांत आहे, त्याच्या हातांत त्या पैशांतलें काय पडतें? भौगोलिक चिन्ह हा कायद्यानें एका प्रदेशांतील सर्व उत्पादकांचा सामायिक हक्क आहे. पण भट्टी लावण्याचा हक्क दर हंगामास अबकारी खातें विभागवार लिलांवांत काढतें, आणि लिलांवांत बोली लागते ती थैलीची, विद्येची नव्हे. वारसा सर्वांचा आणि मिळकत थैलीवाल्याची, असा हा न्याय!

हें झालें हद्दीच्या पलीकडचें. आतां अलीकडे या. सत्तरी-डिचोलीच्या शेजारीं आमचा दोडामार्ग तालुका. डोंगर तोच, पाऊस तोच, काजू तोच. पण हद्दीचा दगड ओलांडला कीं त्याच बोंडाचें नशीब फिरतें. सिंधुदुर्गांतील शेतकरी बी काढून घेतो, आणि बोंडांचे ढीगच्या ढीग झाडाखालीं कुजतात. कोणी त्यांचा रस आंबवून जाळावर चढविला, तर तो वारसा नव्हे, हातभट्टी! १९४९ चा दारूबंदी कायदा त्याच्या दारांत उभा. एका दगडाच्या पलीकडे जी विद्या, ती अलीकडे गुन्हा.

आणि मोहाचें काय? काजू परदेशांतून आला. मोह या भूमीचा. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडे चैत्राच्या पहांटे आदिवासी बाया-पोरें टोपल्या घेऊन मोहाखालीं फुलें वेंचतात. तीं वाळवून खातात, विकतात, देवाला वाहतात, आणि भिजवून, आंबवून, मडक्यावर मडकें ठेवून त्यांची दारूही गाळतात. जन्म, लग्न, मरण, कोणतेंही कार्य तिच्यावांचून होत नाहीं. फेणीच्या भट्टींत आणि या भट्टींत रीत एकच: जाळ, वाफ, थंड पाणी, धार. मग पाहुण्या झाडाच्या दारूला वारशाचें पागोटें आणि घरच्या झाडाच्या दारूला हातकडी, हें कसें? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कारटें म्हणतात, पण येथें तर दुसऱ्याचा तो बाब्या झाला आहे आणि आपलें तें कारटें!

हा भेद आजचा नाहीं. १८७८ सालीं मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. गांवोगांवच्या लहान भट्ट्या मोडीत काढून दारू मोठ्या कारखान्यांत गाळावी आणि सरकारानें तिच्यावर कर घ्यावा, असा त्याचा रोख होता. उरणच्या मोठ्या भट्ट्यांत मोहाची दारू गाळली जाई आणि मक्तेदारांच्या गुत्त्यांतून ती त्याच रानांतल्या माणसाला विकत घ्यावी लागे. तरीही लोक घरीं गाळीत, म्हणून १८९२ सालीं खास मोहाचा कायदा करून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत फुलें गोळा करण्यावर आणि घरांत ठेवण्यावरच निर्बंध घातले. दुष्काळांत ज्या फुलांवर माणसें जगलीं, तीं घरांत ठेवणें गुन्हा झालें! सरकारास दारूचा तिटकारा होता काय? मुळींच नाहीं. सरकारास तिटकारा होता तो कर न भरणाऱ्या दारूचा. साहेब गेला, पण त्याचें हें शहाणपण आमच्या कचेऱ्यांतून गेलें नाहीं.

परततांना भाचा म्हणाला, "मामा, मग तुमचें म्हणणें काय? दारू मोकळी सोडावी? बहुजनांचें घर तर दारूनेंच बुडालें." प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणें आमच्या पत्रास शोभणार नाहीं. १८८० सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतां जोतीरावांनीं शहरांत वाढूं लागलेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. तें आम्ही विसरलों नाहीं. दारूपायीं बाईच्या गळ्यांतलें मणी जातात, पोरांच्या शाळा सुटतात, हें आम्हीं पुस्तकांत वाचलेलें नाहीं. आमच्या आळींत पाहिलेलें आहे. परंतु हा उपदेश ऐकवावयाचा तर सर्वांस ऐकवावा. गरिबाच्या पेल्यांत पाप आणि श्रीमंताच्या पेल्यांत कैरीचा सुवास, अशी नीति आम्हांस मान्य नाहीं.

दुसरा आक्षेप विषाचा. हातभट्टीनें माणसें मरतात, म्हणून ती बंद हवी. खरें आहे, आज शहराकडच्या हातभट्टींत गूळ-नवसागरापासून काय काय घालतात, तें पाहिलें तर अंगावर कांटा येतो. पण मुंबईच्या मालवणींत २०१५ च्या जून महिन्यांत शंभरावर गरीब माणसें मेलीं, तीं मोहाच्या फुलांनीं मेलीं काय? त्या दारूंत कारखान्यांत वापरावयाचें मिथेनॉल होतें. बंदी असतांच तें विष विकलें गेलें. जें काम रात्रीं, झाडींत, घाईनें आणि हप्ता देऊन करावें लागतें, त्याची तपासणी कोण करणार? दिवसाउजेडीं चाललेल्या भट्टीवर मापक यंत्र बुडवितां येतें. तें आम्हीं सत्तरींत डोळ्यांनीं पाहिलें.

तिसरा आक्षेप आमचे राज्यकर्तेच आपल्या कृतीनें खोडतात. २०२२ च्या जानेवारींत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें वाइन मोठ्या किराणा दुकानांतून विकूं देण्याचा निर्णय केला, तेव्हां कारण काय सांगितलें? द्राक्षें पिकविणाऱ्या शेतकऱ्याचें हित! पुढें लोकांनीं ओरड केली आणि निर्णय अडकला, तो भाग वेगळा. पण द्राक्षवाला शेतकरी आणि बोंडूवाला शेतकरी नव्हे काय? मोह वेंचणारी बाई माणूस नव्हे काय? मध्य प्रदेश सरकारनें २०२१ सालीं मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून बाजारांत आणण्याचें जाहीर केलें. म्हणजे हें अशक्य नाहीं. मात्र तेथेंही डोळ्यांत तेल घालून पहावें लागेल. नाहींतर उद्यां मोहाच्या भट्टीवरही बांकें मांडलीं जातील, पेले येतील आणि वेंचणारी 'लोकल' होऊन सावलींत बसेल.

मग उपाय काय? उपाय कायद्यांतच लिहून ठेवला आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला मादक पदार्थांची बंदी करण्याचा किंवा त्यांच्या विक्रीवर व सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सांगितला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मोहासारख्या गौण वनोपजावर रानांतल्या माणसाची मालकी मान्य केली आहे. तर हा अधिकार कागदावरून गांवांत उतरवा. ज्या गांवच्या बाया उठून म्हणतील कीं, आमचे संसार बुडतात, दारू नको, तेथें बंदी पक्की करा. गडचिरोलींत लोकांनीं अशीच चळवळ केली आणि १९९३ पासून तो जिल्हा दारूबंद आहे. पण ती बंदी गरिबाच्या मडक्यापुरती नको. हॉटेलवाल्याच्या फडताळालाही तिचें कुलूप लागूं द्या. आणि जेथें बाया-पुरुषांची सभा म्हणेल कीं, आमची जुनी विद्या आम्हांस उजेडांत चालवूं द्या, तेथें परवाना ग्रामसभेच्या नांवें द्या, थैलीच्या नांवें नको.

आणि गोव्याच्या बंधूंस एवढीच विनंति: बाटलीवर जसें डोंगराचें नांव घालतां, तसें भट्टी लावणाऱ्याचेंही घाला. पाहुण्यांकडून वारसा दाखविण्याबद्दल जे पैसे घेतां, त्यांतला ठरलेला वांटा वारसदारांना द्या. वारसदार कोण, तें कुंडापाशीं जाऊन त्यांचे पाय पाहिलेत तर समजेल.

वाचकहो, दारू न पिणाऱ्यांचें हें पत्र आहे आणि तसेंच राहो. पण पेला ज्याच्या हातीं असेल त्याला पाहुणा म्हणावें आणि मडकें ज्याच्या हातीं असेल त्याला चोर म्हणावें, हा कायदा शुद्धीवर असलेल्या माणसांचा नव्हे. आमच्या मतें दारूपेक्षां त्याचीच झिंग आधीं उतरविली पाहिजे.